चिंतेवरची गोळी सावकाश सोडताना

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, इटिझोलाम. यांतलं एखादं नाव तुमच्या स्ट्रिपवर असेल आणि ती गोळी तुम्ही काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज घेत असाल, तर ती आज अचानक बंद करू नका. बरं वाटतंय म्हणून नको, कोणी घाबरवलं म्हणून नको, स्ट्रिप संपली आणि उद्या रविवार आहे म्हणूनही नको. या गोळ्या सुटतात, आणि बऱ्याच जणांच्या नीट सुटतात. पण त्या पायरी-पायरीनेच सोडाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर थांबायला वेळ द्यावा लागतो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात फार्मसी चालवते. या गोळ्या रोज माझ्या हातून जातात आणि त्या घेणारी माणसं वर्षानुवर्षं काउंटरवर भेटत असतात. गोळी सुरू कशी करायची हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. कमी कशी करायची हे सहसा कोणी सविस्तर सांगितलेलं नसतं, म्हणून हा लेख. डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे आणि इथले आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. पण हे आकडे समजले की डॉक्टरांपुढे तुम्ही योग्य प्रश्न घेऊन बसाल.

आपण नेमकं काय घेतो ते आधी ओळखा

लोक गोळी मागतात ती ‘झोपेची’, ‘टेन्शनची’, नाहीतर ‘ती पॉइंट टू फाइव्हची’ म्हणून. कंपनीचं नाव पाठ असतं, आतलं औषध माहीत नसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव आणि त्यापुढचे मिलिग्रॅम वहीत उतरवणं. चष्मा लावूनही दिसत नसेल तर फार्मसीत वाचून घ्या.

आपल्याकडे यात मोठी गुंतागुंत आहे ती जोडगोळ्यांची. एकाच गोळीत क्लोनाझेपाम आणि एसिटालोप्राम असतं, म्हणजे चिंतेवरचं औषध आणि नैराश्यावरचं औषध एकत्र. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामबरोबर प्रोप्रानोलोल असतं, धडधड कमी करायला. क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर अमिट्रिप्टिलीन असतं. आणि ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही असा एक प्रकार म्हणजे पोटाची गोळी. पोटात मुरडा येतो, गॅस होतो, म्हणून जेवणाआधी घेतल्या जाणाऱ्या नॉर्मॅक्सिनसारख्या गोळीत ५ मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड असतं. ती दिवसातून तीनदा घेतली की रोजचे १५ मिलिग्रॅम होतात. वर्षभर ती घेणाऱ्या माणसाने ‘पोट बरं झालं’ म्हणून एके दिवशी ती थांबवली आणि पुढच्या आठवड्यात झोप उडाली, हात थरथरायला लागले, तर त्याचा संबंध त्या गोळीशी असू शकतो हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

जोडगोळी असेल तर ती अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात. त्यात प्रोप्रानोलोल एकदम कमी झालं की धडधड उसळू शकते, नैराश्यावरचं औषध एकदम कमी झालं की त्याचा वेगळा त्रास सुरू होतो, आणि कोणता त्रास कशाचा ते कळेनासं होतं. म्हणून जोडगोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना पहिली विनंती हीच करावी की दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्या. एक स्थिर ठेवायचं आणि दुसरं कमी करायचं. दोन्ही एका वेळी कधीच नाही.

स्ट्रिपवर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलं असेल तर ती सावकाश विरघळणारी गोळी आहे. ती कापली किंवा चुरली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. अशी गोळी घेऊन कपात सुरू करता येत नाही, आधी साध्या गोळीवर यावं लागतं.

त्रास होतो तो का

मेंदूतल्या पेशींची धावपळ आवरणारं गाबा नावाचं एक रसायन असतं. या सगळ्या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे छाती मोकळी होते, स्नायू सैल पडतात, झोप येते. पण रोज गोळी मिळत राहिली की मेंदू त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतो आणि स्वतःच्या गाबाला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासा होतो. गोळी अचानक काढली की आवरणारं काही उरत नाही. अस्वस्थता, निद्रानाश, घाम, थरथर, धडधड, मळमळ, स्नायू आखडणं, आवाज आणि उजेड सहन न होणं, कानात आवाज येणं, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यातून येतं. फार वेगाने थांबवलं तर भ्रम होतो, फिटही येते, आणि अशी फिट जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गटातल्या, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातल्या, सगळ्या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला तो याचसाठी.

याला व्यसन म्हणू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, लिहून दिलेल्या डोसमध्ये, वेळेवर घेणाऱ्या माणसालाही हे होतं. काही आठवड्यांत होऊ शकतं. हा शरीराचा गुण आहे, माणसाचा दोष नाही. काउंटरवर हळू आवाजात, इकडेतिकडे पाहत गोळी मागणाऱ्या प्रत्येकीला मला हे सांगावंसं वाटतं.

प्रत्येक गोळी शरीरात किती वेळ टिकते यावर बरंच अवलंबून असतं. अल्प्राझोलामचा अंमल लवकर ओसरतो. रक्तातली त्याची मात्रा निम्मी व्हायला साधारण ११ तास लागतात. त्यामुळे रात्री एकदाच घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच चुळबुळ सुरू होते, आणि त्याला वाटतं आपली चिंता वाढली. क्लोनाझेपामला ३० ते ४० तास लागतात. डायझेपामला त्याहून जास्त, आणि शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ तर कित्येक दिवस रेंगाळतो. म्हणून अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम बंद केल्यावर त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो, तर डायझेपामचा त्रास आठवडाभरानेही सुरू होऊ शकतो. ‘चार दिवस झाले, मला काही झालं नाही’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

घरच्या घरी ज्यांनी सुरू करू नये

ज्यांना कधीही फिट आली आहे. ज्यांनी पूर्वी ही गोळी सोडताना फिट किंवा भ्रम अनुभवला आहे. जे रोज दारू घेतात. ज्यांचा डोस खूप मोठा आहे किंवा जे या गटातल्या दोन-तीन गोळ्या एकत्र घेतात. ज्यांना गंभीर हृदयविकार आहे. ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. यांची कपात मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, काही वेळा इस्पितळात भरती होऊनच करावी लागते. गरोदर बाईने तर ‘बाळाला बाधेल’ या भीतीने गोळी एका रात्रीत कधीच टाकू नये. तिचं वेळापत्रक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं असतं. आणि क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपाम अपस्मारासाठी दिलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाहीच. त्या गोळीला हात लावू नका.

डॉक्टरांकडे जाताना

गोव्यात यासाठी फार लांब जावं लागत नाही. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, परिसराजवळच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. १९८० साली ती सुरू झाली. त्याआधी पणजीत आल्तिनोवर आबे फारियांच्या नावाचं मनोरुग्णालय होतं. त्या जुन्या इमारतीची भीती अजून काही घरांत शिल्लक आहे, आणि ‘बांबोळीला दाखवलं’ असं कोणी म्हणू नये म्हणून माणसं गोळी मनानेच सोडायला बघतात. बाह्यरुग्ण विभागात बसून डोस कमी करण्याचा आराखडा करून घेणं हे मधुमेहाच्या गोळ्या बदलून घेण्याइतकंच साधं काम आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचार विभाग आहेत. तुमचे नेहमीचे कुटुंबडॉक्टर वेळ द्यायला तयार असतील तर तेही हे करू शकतात. कोण करतो यापेक्षा तो महिन्याला तुम्हाला पाहणार आहे का, याला महत्त्व द्या.

जाताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, अगदी पोटाच्या, ॲलर्जीच्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट. किती वर्षं घेता, दिवसातून कधी घेता, मधे चुकली तर काय होतं, पूर्वी सोडायचा प्रयत्न केला होता का, हे एका कागदावर लिहा. दारू घेत असाल तर खरं प्रमाण सांगा. मग विचारा: पहिली कपात किती? पुढची किती दिवसांनी? मधे त्रास झाला तर मी काय करायचं आणि कोणाला फोन करायचा? शेवटी लहान डोससाठी कोणती गोळी वापरू?

उत्तर ‘आजपासून अर्धी, पंधरा दिवसांनी बंद’ असं मिळालं आणि तुम्ही पाच वर्षं गोळी घेत असाल, तर नम्रपणे पण ठामपणे जास्त वेळ मागा, किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ साली काढलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचना सांगतात की सुरुवातीची कपात चालू डोसच्या ५ ते १० टक्के असावी, दोन ते चार आठवड्यांतून एकदा. आणि सहसा दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त नको. हे डॉक्टरांना सांगण्यात उद्धटपणा नाही.

प्रिस्क्रिप्शनची बाजूही आधीच सांभाळा. या गटातली अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड अशी काही औषधं २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. ती देताना फार्मसीला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. त्यामुळे जुन्या, चुरगळलेल्या कागदावर गोळी मिळेल या भरवशावर राहू नका. कपातीचा आराखडा डॉक्टरांनी सही-तारखेसह लिहून दिलेला असेल तर माझ्यासारखीला तुम्हाला वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या देणंही सोपं जातं. घरातलं कोणी आखातात नोकरीला जात असेल तर ही गोळी नुसती सामानात टाकून नेऊ नये. तिथले नियम कडक आहेत, काही देशांत आधी परवानगी काढावी लागते.

पहिल्या कपातीच्या आधी

दोन-तीन आठवडे डोस अजिबात हलवू नका. रोज त्याच वेळी, तेवढाच, त्याच कंपनीचा. आज एका कंपनीची, उद्या स्वस्त मिळाली म्हणून दुसरीची, असं कपातीच्या काळात करू नये. फरक थोडाच असतो, पण तुम्ही करणार आहात ती कपातही थोडीच असते. अल्प्राझोलाम एकदाच घेत असाल तर तेवढाच डोस दिवसात दोन-तीनदा विभागून द्यावा का हे डॉक्टरांना विचारा. एवढ्यानेच बऱ्याच जणांची संध्याकाळची घालमेल कमी होते.

मुहूर्तही नीट निवडा. गणेश चवथीच्या आठवड्यात नको: घरात पाहुणे, पहाटेपासून स्वयंपाक, जागरण, फटाके, घुमट-आरत्या. आवाजाने कान दुखावणं हे या गोळ्या सोडतानाचं नेहमीचं लक्षण आहे, आणि एरवी जी आरती अंगावर रोमांच आणते तीच त्या दिवसांत असह्य होते. शिगम्याच्या ढोल-ताशांचंही तेच. घरात लग्न, मुलांची दहावी, नोकरीतली बदली असेल तर ते होऊन जाऊ द्या. आणि सुरुवातीलाच ‘डिसेंबरपर्यंत सोडायचीच’ अशी तारीख ठरवू नका. तारीख ठरवली की माणूस त्रास होत असूनही पुढची पायरी उतरतो.

कपातीचं गणित

लोकांची चूक इथेच होते, म्हणून इथे सावकाश वाचा.

समजा, रोज रात्री क्लोनाझेपाम १ मिलिग्रॅम चालू आहे. बाजारात सहसा मिळणारी सर्वांत लहान गोळी ०.२५ ची, तिचा अर्धा म्हणजे ०.१२५. दर वेळी एवढाच तुकडा कमी करायचा असं ठरवलं, तर कागदावर आठ सारख्या पायऱ्या दिसतात. पण शरीराला त्या सारख्या नसतात. १ वरून ०.८७५ ही साडेबारा टक्के कपात झाली, ती सुरुवातीलाच सुचवलेल्या मर्यादेच्या थोडी वर आहे. ०.५ वरून ०.३७५ ही पंचवीस टक्के. ०.३७५ वरून ०.२५ ही तेहेतीस टक्के. ०.२५ वरून ०.१२५ म्हणजे निम्मा डोस गेला. तुकडा तोच, पण झटका दर वेळी वाढत गेला. ‘वरचा डोस सहज सुटला, आता एवढीशी राहिली तर का सुटत नाही’ असं रडवेल्या सुरात सांगणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा इथे अडकलेलं असतं. त्यांचं मन कमकुवत नसतं, शेवटच्या पायऱ्या फार उंच असतात.

यावर उपाय म्हणजे टक्के नेहमी *चालू* डोसवर मोजायचे, मूळ डोसवर नाही. १ च्या दहा टक्के ०.१. मग ०.९ च्या दहा टक्के ०.०९. मग ०.८१ च्या दहा टक्के. अशा दहा कपातींनंतर डोस ०.३५ च्या आसपास येतो. दर तीन आठवड्यांनी एक कपात धरली तर याला सात महिने लागले. पूर्ण सुटायला वर्ष, काहींना दीड वर्षही लागतं. हे ऐकून धीर खचतो, मला माहीत आहे. पण दहा वर्षं घेतलेली गोळी एका वर्षात सुटली तर ते हळू कसलं?

पहिली कपात सर्वांत लहान ठेवा. ती चाचणी समजा. दोन ते चार आठवडे बघा. त्रास नगण्य असेल तर तेवढीच पुढे; त्रास झाला पण झेपला तर तेवढ्याच डोसवर आणखी दोन आठवडे थांबा; झेपला नाही तर डॉक्टरांना विचारून पुढची पायरी निम्मी करा. पुढची तारीख कॅलेंडर ठरवत नाही, मागची पायरी किती पचली ते ठरवतं.

आता ‘एक दिवस आड’. शेजारीण सांगते, “अगो, एक दिवस आड घे, सुटेल आपोआप.” कधीकधी दवाखान्यातूनही हाच सल्ला मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: या गोळ्यांसाठी ही पद्धत वाईट आहे. अल्प्राझोलामच्या बाबतीत तर एक दिवस आड म्हणजे दर दोन दिवसांनी एकदा औषध अचानक बंद करण्यासारखं आहे. मेंदूला स्थिर, हळूहळू उतरणारी पातळी हवी असते. वरखाली हिंदकळणारी नको. रोज थोडी कमी घ्या, पण रोज घ्या.

तसंच, वाईट दिवशी ‘आज एक जास्त’ आणि चांगल्या दिवशी ‘आज सुट्टी’ हेही नको.

गोळी कापताना

फार्मसीत शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मिळते. सुरीने किंवा नखाने करू नका, तुकडे असमान होतात. मधे रेघ असलेली गोळी नीट अर्धी होते. पाव करताना थोडं इकडेतिकडे होतंच, ते चालतं. एक युक्ती अशी की एकाच गोळीचे चारही तुकडे लागोपाठच्या दिवसांत वापरा, म्हणजे आज कमी पडलेलं उद्या भरून निघतं. तोंडात विरघळणारी ‘एमडी’ गोळी कापताना चुरा होते आणि आपल्या पावसाळी हवेत उघडा तुकडा मऊ पडतो, म्हणून साधीच मागा. तुकडे छोट्या कोरड्या बाटलीत, लहान मुलांच्या हाताबाहेर.

गोळी पाण्यात ढवळून चमच्याने मोजायची कल्पना काही जण काढतात. ही औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, तळाशी बसतात. एका चमच्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात दुप्पट, असं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चुरा तोलणंही व्यर्थ, कारण गोळीचं वजन शंभरहून जास्त मिलिग्रॅम असतं आणि त्यात औषध फक्त अर्धा मिलिग्रॅम. बारीक पायऱ्या हव्या असतील तर पुढे दिलेल्या मार्गाबद्दल डॉक्टरांशी बोला.

डायझेपामवर जाणं

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात या गोळ्या सोडवण्याचा खास दवाखाना चालवला. त्यांची पद्धत अशी की लवकर ओसरणारी गोळी थोडी-थोडी काढून तिच्या जागी तेवढ्या ताकदीचं डायझेपाम आणायचं आणि मग ते कमी करायचं. फायदे दोन. ते शरीरात दीर्घकाळ टिकतं, म्हणून पातळी सपाट राहते. आणि ते २ मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं, जी ताकदीने फार सौम्य असते, म्हणून बारीक पायऱ्या पडतात. ॲश्टन यांच्या कोष्टकात ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम किंवा ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम डायझेपाम. दुसऱ्या कोष्टकांत हा आकडा वेगळा दिसेल, आणि म्हणूनच हा बदल स्वतःहून करायचा नाही. चुकून जास्त पडलं तर गुंगी, कमी पडलं तर विथड्रॉवल, म्हणजे गोळी तुटल्याचा त्रास. वयस्कर माणसांत आणि यकृताचा आजार असलेल्यांत डायझेपाम साचत जातं, तोल जातो, पडून खुबा मोडतो. त्यांच्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा वेगळा मार्ग निवडतात.

१० मिलिग्रॅम डायझेपामवर असताना १ मिलिग्रॅम म्हणजे २ च्या गोळीचा अर्धा, म्हणजेच दहा टक्के. ५ वर आल्यावर पाव गोळी. हे साध्या डबीने जमतं.

वही

शाळेची दोनशे पानी वही पुरे. रोज एक ओळ: तारीख, डोस, किती तास झोप, दिवसभराच्या त्रासाला दहापैकी आकडा, आणि काही विशेष घडलं असेल तर दोन शब्द. यापेक्षा जास्त लिहू नका. दर तासाला नाडी मोजून लिहिणाऱ्याची चिंता वहीच वाढवते.

वहीचा खरा उपयोग ‘हा त्रास गोळी कमी केल्याचा की जुनी चिंता परत आली’ हे ओळखायला होतो. कपातीनंतर काही दिवसांत सुरू झालेला, कानात आवाज किंवा उजेडाचा त्रास असं पूर्वी कधी नसलेलं काही घेऊन आलेला, आणि दोन-तीन आठवड्यांत लाटांसारखा ओसरत जाणारा त्रास बहुधा विथड्रॉवलचा. डोस स्थिर असताना, कित्येक आठवड्यांनी, पूर्वीच्याच काळज्या घेऊन आलेला आणि वाढत जाणारा त्रास बहुधा मूळ आजाराचा. तो उपचार मागतो, आणि तो करून घेण्यात कमीपणा नाही.

जड दिवस

झोप पहिली बिघडते. सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली असो. वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. आणि आपल्याकडचा लाडका नियम थोडे महिने मोडा: दुपारी जेवून दुकान बंद करून दोन तास आडवं होणं. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली नाही तर रात्रीची येत नाही. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. पण सगळी एकदम सोडू नका, ती तुटल्यानेही डोकं दुखतं.

धडधड सुरू झाली की श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवा, पाच मिनिटं. पायी चाला, सकाळच्या उन्हात. रिकाम्या पोटी राहू नका. सकाळी अकराची पेज उगाच नाही. स्कूटर चालवताना गरगरत असेल तर कदंबची बस पकडा.

समुपदेशन जोडलं तर कपात टिकण्याची शक्यता वाढते, विशेषतः विचार आणि वागणुकीवर काम करणारी पद्धत. हे फक्त शहरी लोकांचं असं समजू नका. पर्वरीच्या संगत संस्थेने गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना घेऊन ‘मानस’ नावाचा अभ्यास केला होता. तो २०१० साली लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि सरकारी केंद्रांतल्या नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं त्यात दिसलं. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

फिट, भास, गोंधळलेलं बोलणं, खूप ताप आणि थरथर, किंवा जीव देण्याचे विचार: यांतलं काहीही दिसलं तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी कमी करत होता ते रुग्णवाहिकेतल्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगा.

दारू आणि दुसरी औषधं

दारू त्याच गाबावर काम करते. कपातीच्या काळात फेणीचा एक पेग ‘झोपेपुरता’ घेणं म्हणजे एक आधार काढून दुसरा लावणं, आणि दोन्ही एकत्र पोटात गेले तर श्वास मंदावू शकतो. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा हंगाम, लग्नं, फेस्त, सगळीकडे आग्रह होतो. ‘औषध चालू आहे’ एवढंच सांगा, कारण द्यायला तुम्ही बांधील नाही. पण आधीपासून रोज पिणाऱ्याने दारूही अचानक तोडू नये, तिथेही फिट येते. हे डॉक्टरांनाच आधी सांगायचं. झोपेसाठी दिलं जाणारं झोल्पिडेमही त्याच जागी काम करतं, म्हणून ती ‘वेगळी गोळी’ नव्हे. ट्रामाडोल असलेल्या वेदनाशामक गोळ्या फिटची शक्यता वाढवतात.

पावसाळ्यात आपल्याकडे गजकर्ण घरोघरी असतं आणि त्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सर्रास लिहिल्या जातात. त्या अल्प्राझोलामचं विघटन रोखतात, रक्तातली मात्रा वाढते, गुंगी येते. कोर्स संपला की मात्रा परत खाली येते आणि तुम्ही काहीच कमी केलेलं नसताना विथड्रॉवलसारखं वाटतं. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरचं कार्बामाझेपिन उलट मात्रा पाडतात. त्वचेच्या डॉक्टरांना, दाताच्या डॉक्टरांना, कोणालाही आधी ही गोळी सांगा.

घरातल्यांनी

‘अजून सुटली नाही?’ हे विचारू नका. औषधाची बाटली लपवू नका. चिडचिड अंगावर घेऊ नका, ती बरीचशी कपातीची असते. एकाने महिन्याची तारीख लक्षात ठेवावी आणि स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी प्रिस्क्रिप्शन आणावं. सलग सुट्ट्या आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की वाळपईच्या पलीकडे राहणाऱ्यासाठी हे फार मोठं काम असतं.

शेवटचा तुकडा

चालू डोसचे टक्के मोजत गेलं तर शून्य कधीच येत नाही. कुठेतरी एक उडी मारावी लागते. डायझेपामच्या बाबतीत ती बहुधा पाव-अर्ध्या मिलिग्रॅमवरून असते. कुठून मारायची हे डॉक्टरांबरोबर आधीच ठरवा, आणि तिथे पोहोचल्यावर महिनाभर त्या डोसवर आरामात काढा. उडीनंतर पहिले तीन-चार आठवडे वही चालू ठेवा आणि डॉक्टरांची एक भेट आधीच ठरवून ठेवा.

उरलेल्या गोळ्या ‘असू दे, गरज पडली तर’ म्हणून कपाटात ठेवू नका, शेजाऱ्यांना देऊ नका. शरीराची सवय सुटलेली असते. पूर्वी सहज पचणारा डोस आता जड गुंगी आणू शकतो, दारूबरोबर तर धोकादायकच. स्ट्रिप्समधून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळून कचऱ्यात टाका किंवा तुमच्या फार्मसीत विचारा. आणि तुमच्या आरोग्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव, किती वर्षं घेतलं आणि कोणत्या तारखेला पूर्ण सुटलं ते लिहून ठेवा. पुढे एखाद्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डात कोणी सहज तीच गोळी हातावर ठेवली, तर ते पान दाखवता येईल.